गाळ काढला म्हणतात, पण कुठल्या मशीनने?

मे महिना आला की मुंबईत नालेसफाईचे टक्के रोज पेपरात यायला लागतात आणि 31 तारखेच्या डेडलाइनपर्यंत ते कसेही करून शंभराच्या आसपास पोचतातच, हे आता आपल्याला पाठ झालंय. पण मे 2025 मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठी नदीच्या गाळावरून गुन्हा दाखल केला, सुमारे 65 कोटींच्या घोटाळ्याचा आरोप, आणि त्या बातम्यांमध्ये अचानक ‘सिल्ट पुशर’, ‘अँफिबियस मशीन’ असे शब्द यायला लागले. तिकडे पालघरला वाढवण बंदर होतंय, तिथे तर समुद्रातच भराव टाकून बंदर उभं करायचंय, म्हणजे तिथेही ड्रेजर, ड्रेजिंग, हॉपर, कटर हेच सगळं. वाचणाऱ्याला वाटतं की ड्रेजर म्हणजे गाळ काढायचं एक मशीन, ते आणलं की काम झालं. तसं नाहीये. आणि हे कळलं नाही तर गाळाच्या कुठल्याच बातमीतलं खरं-खोटं आपल्याला ओळखता येणार नाही, म्हणून हा लेख जरा लांबवतोय.

ड्रेजिंग म्हणजे पाण्याच्या तळाची माती, गाळ, वाळू किंवा दगड उचलून दुसरीकडे नेणं. बस एवढंच. कोकणातल्या खाड्यांमध्ये हातपाटीवाले बुडी मारून पाटीने वाळू काढतात ना, तेही ड्रेजिंगच, फक्त मशीन माणसाचं शरीर आहे. मुंब्रा-ठाण्याच्या खाडीत तहसीलदार धाड टाकून जे सक्शन पंप आणि बार्ज तोडतात तेही ड्रेजिंगच, फक्त बेकायदा.

आधी बघायचं तळाला काय आहे

मशीन कुठलं आणायचं हे ठरतं चार गोष्टींवरून. तळाला काय आहे, किती खोल आहे, लाटा आणि जागा किती आहे, आणि काढलेला माल जाणार कुठे. यातली पहिली आणि शेवटची सगळ्यात महत्त्वाची, आणि बातमीत नेमक्या याच दोन नसतात.

मुंबई हार्बरचा तळ म्हणजे वर मऊ काळा चिखल, उल्हास, पाताळगंगा, अंबा या नद्या आणि ठाणे-पनवेलच्या खाड्या तो वर्षानुवर्षं आणून टाकतायत. त्याच्या खाली कडक चिकणमाती, मग मुरूम, आणि त्याच्याही खाली आपला सह्याद्रीचाच काळा पाषाण, बेसॉल्ट. म्हणजे एकाच चॅनेलमध्ये, म्हणजे जहाजांसाठी खोल केलेल्या वाटेत, वरचे काही मीटर पंपाने ओढता येतात आणि खालचे काही मीटर फोडल्याशिवाय हलत नाहीत. म्हणून मोठ्या कामात तुम्हाला कधीच एक जहाज दिसणार नाही, अख्खी फौज दिसेल.

हॉपर: चालता चालता गाळ ओढणारं जहाज

गेटवेहून मांडव्याच्या लाँचने जाताना कधी एखादं जहाज दिसलं की ते अगदी हळू चाललंय, एका बाजूने जाडजूड पाइप पाण्यात तिरका सोडलाय आणि मागे पाण्याचा रंग गढूळ, तर ते हे. पूर्ण नाव ट्रेलिंग सक्शन हॉपर ड्रेजर, सगळे हॉपरच म्हणतात. पाइपच्या टोकाला एक जड लोखंडी तोंड असतं, त्याला ड्रॅगहेड म्हणतात, ते तळावरून फरफटत जातं, मोठमोठे पंप गाळ आणि पाणी एकत्र ओढतात आणि जहाजाच्या पोटात जी प्रचंड टाकी असते तिच्यात ओततात. त्या टाकीचं नाव हॉपर. टाकी भरली की पाइप वर घ्यायचा, समुद्रात ठरवून दिलेल्या जागी जायचं, तळाचे दरवाजे उघडायचे, माल खाली, आणि परत यायचं. ना नांगर टाकायची गरज ना टगची, म्हणजे ओढून नेणाऱ्या छोट्या ताकदवान बोटीची, त्यामुळे इतर जहाजांची ये-जा चालू ठेवून चॅनेलमध्ये काम करता येतं आणि थोड्याफार लाटांनाही ते दाद देत नाही.

आता एक मजा बघा. पंपातून येतं त्यात पाणीच जास्त असतं, मग टाकी पाण्यानेच भरणार ना? त्यावर उपाय म्हणजे ओव्हरफ्लो. तांदूळ धुताना आपण काय करतो, तांदूळ तळाला बसतो आणि वरचं पाणी ओतून देतो, तसंच टाकीत वाळू खाली बसते आणि वरचं पाणी परत समुद्रात सोडतात, की अजून वाळू भरता येते. पण मुंबईच्या चिखलाचं तसं होत नाही, तो इतका बारीक आहे की बसतच नाही, तांदळाऐवजी नुसतं पीठ धुवायला घ्यावं तसं, वरचं पाणी ओतलं की पीठही गेलं. त्यामुळे चिखलात ओव्हरफ्लोचा फायदा फारसा नाही, उलट पाणी अजून गढूळ होतं. सांगायचं हे की परदेशात वाळूवर रेकॉर्ड करणारं जहाज मुंबईत आणलं तर तेवढाच उरक देईल असं धरून चालता येत नाही.

साइज किती? यान दे नूल या बेल्जियमच्या कंपनीचं क्रिस्तोबाल कोलोन हे जगातल्या सगळ्यात मोठ्या हॉपरपैकी एक, टाकी 46,000 घनमीटरची. एका हायवात, म्हणजे मोठ्या डंपरमध्ये, 14-15 घनमीटर धरले तर एका खेपेत तीन हजारांहून जास्त हायवांचा माल.

हेच जहाज भरावालाही वापरतात. वाळू भरून आणायची आणि पुढच्या टोकाच्या नोजलमधून कमानीसारखी उडवायची, याला रेनबोइंग म्हणतात. दुबईचं पाम जुमेरा बेट असंच झालं, आणि गंमत म्हणजे वाळवंट शेजारी असून वाळू समुद्रातूनच काढली, कारण वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून इतकी बारीक आणि गुळगुळीत झालेली असते की ती धड दबून बसत नाही.

कटर: जिथे ओढून येत नाही तिथे फोडायचं

कडक माती किंवा दगड आला की हॉपरचं काम संपलं, ड्रॅगहेड वरून नुसतं घसरत जातं. तिथे लागतो कटर सक्शन ड्रेजर. याच्या पुढच्या बाजूला एक लांब लोखंडी शिडी पाण्यात सोडलेली, तिच्या टोकाला दात बसवलेलं फिरतं मुंडकं, ते तळ कुरतडतं आणि मागचा पंप ते तुकडे ओढून पाइपलाइनने लांब फेकतो.

कटर हॉपरसारखा चालत चालत काम करत नाही. मागच्या बाजूला दोन उभे लोखंडी खांब असतात, त्यांना स्पड म्हणतात, त्यातला एक तळात रोवायचा आणि त्याच्याभोवती अख्खं जहाज डावी-उजवीकडे झुलवायचं, दोन्ही बाजूंना टाकलेल्या नांगरांच्या वायर आळीपाळीने ओढून. एक पट्टा कुरतडून झाला की थोडं पुढे सरकायचं. मागे तरंगती पाइपलाइन, ती किनाऱ्यापर्यंत किंवा बार्जपर्यंत. म्हणजे पाइप, वायरी, नांगर मिळून एवढी जागा अडते की वर्दळीच्या चॅनेलमध्ये याला परवानगी देताना बंदरवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आणि लाटांपुढे हा नाजूक, खांब तळात रोवलेला आणि जहाज वरखाली होतंय म्हटल्यावर खांब वाकणार किंवा मोडणार. पावसाळ्यात आपल्याकडच्या उघड्या समुद्रात कटर का दिसत नाही याचं कारण हेच.

दगडात काम चालू असताना दात झिजतात, आणि चांगलेच झिजतात. मग शिडी वर घ्यायची, माणसं त्या मुंडक्यापाशी उतरणार, झिजलेले दात घणाने ठोकून काढणार, नवे बसवणार, मग परत खाली. दगड जितका कडक तितकं हे वारंवार, आणि तेवढा वेळ अख्खं जहाज, पंप, पाइपलाइन सगळं थांबून. बेसॉल्टमध्ये ड्रेजिंगचा रेट चिखलाच्या कित्येक पट का असतो ते इथे कळतं. लोक म्हणतात की एवढे कोटी गाळ काढायला? अहो गाळाला नाही, दगडाला.

ताकदवान कटर किती ताकदवान असू शकतो, तर बेल्जियमच्याच डेमे कंपनीच्या स्पार्टाकसवर 44 हजार किलोवॅटहून जास्त पॉवर आहे. पण सगळ्यांना आठवत असलेला कटर वेगळाच. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे 400 मीटरचं कंटेनर जहाज आडवं अडकलं आणि त्याच्या नाकापाशी एक इवलंसं पोकलेन माती काढतंय असा फोटो जगभर फिरला, मीम झाले. खरं मोठं काम केलं ‘मशहूर’ नावाच्या सुएझ कालवा प्राधिकरणाच्या कटरने, जवळपास 30,000 घनमीटर वाळू त्याने नाकाखालून काढली, मग भरतीचं पाणी आणि टग यांनी मिळून 29 मार्चला जहाज सुटलं. ड्रेजरचा फोटो कोणी फॉरवर्ड केला नाही.

पोकलेनच तराफ्यावर चढवा की!

चढवतातच. बॅकहो ड्रेजर म्हणजे साधारण तेच, पाँटूनवर बसवलेलं भलंमोठं पोकलेन, आणि पाँटून हलू नये म्हणून तळात रोवलेले खांब. फुटलेला दगड, कडक माती, धक्क्याच्या अगदी जवळची खोदाई, पाइपलाइनसाठी चर, असल्या कामाला याच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही. तोटा म्हणजे हाताच्या लांबीइतकंच खोल जाणार आणि स्पीड कमी.

खोली जास्त असेल किंवा गोदीच्या कोपऱ्यात शिरायचं असेल तर ग्रॅब ड्रेजर. क्रेन, तिला वायरीवर लटकलेला दोन जबड्यांचा डबा, तो उघडा सोडायचा, तळाला जबडा मिटला की वर ओढायचा. जुनं तंत्र आहे पण मुंबईच्या गोद्यांना हे कायम लागणार, कारण भिंतीला चिकटून साचलेल्या गाळापाशी हॉपर वळूच शकत नाही. आणि ग्रॅबमध्ये काय काय येतं, तुटके दोर, टायर, साखळ्या, जाळी. मुंबईत तर सोनं आलंय. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात दारूगोळ्यासोबत सोन्याच्या विटाही होत्या, त्या उडून कुठेकुठे पडल्या, आणि पुढे कित्येक वर्षं, अगदी 2011 पर्यंत, गोदीतला गाळ काढताना त्या सापडत राहिल्या. त्याच वर्षी एक जिवंत तोफगोळाही निघाला, सैन्याला बोलवावं लागलं. तेव्हा गोदीत ग्रॅब चालवणारा माणूस जरा जपूनच चालवत असणार.

बाकीची मंडळी पटकन सांगतो. बॅकहो आणि ग्रॅबला स्वतःची टाकी सहसा नसते म्हणून शेजारी बार्ज उभा असतो, त्यातले काही लांबीच्या दिशेने मधोमध उघडतात आणि माल एका झटक्यात खाली सोडतात. टग त्यांना ओढतात. हॉपर गेल्यावर तळाला उंचवटे राहतात ते सपाट करायला टगच्या मागे एक जड लोखंडी तुळई ओढतात, तिला बेड लेव्हलर म्हणतात. वॉटर इंजेक्शन म्हणून एक प्रकार आहे, त्यात गाळ उचलतच नाहीत, त्याच्यात पाणी सोडून तो पातळ करतात आणि तो उतारावरून किंवा ओहोटीबरोबर आपोआप वाहून जातो. आणि सगळ्यात छोटी पण सगळ्यात महत्त्वाची म्हणजे सर्व्हे बोट, तिच्यावर खाली येतोच.

एकदा खोल केलं की झालं, दरवर्षी काय नवीन?

हा प्रश्न रास्त आहे. ड्रेजिंगचे दोन प्रकार, पहिल्यांदा खोल करतात ते कॅपिटल, आणि ती खोली टिकवायला परत परत करतात ते मेंटेनन्स. न्हावा-शेवा बंदराचं चॅनेल टप्प्याटप्प्याने खोल करत 15 मीटरवर नेलं, पण चॅनेल म्हणजे मऊ तळात कोरलेला खड्डाच ना. गढूळ पाणी त्याच्यावरून जाताना खोलीमुळे संथ होतं आणि संथ झालं की गाळ खाली सोडतं. जितकं खोल कोराल तितकं जास्त भरणार. मुंबईत दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, पावसाळ्यात उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, एवढं पाणी आत-बाहेर करताना चिखलही आत-बाहेर करतं. त्यामुळे मेंटेनन्स बंद करणं म्हणजे बंदर हळूहळू बंद करणं.

मग 15 मीटर खोलीला मोठं जहाज कसं येतं? ते 15 मीटर मोजलेले असतात ओहोटीच्या जवळजवळ सगळ्यात खालच्या पाण्यापासून. भरतीला त्यावर अजून काही मीटर पाणी चढतं, त्या काही तासांतच खोल बुडणारी जहाजं आत घेतात. भरती हे फुकटचं ड्रेजिंग आहे आणि मुंबई ते पुरेपूर वापरते.

मग मिठीत हॉपर का नाही घालत?

कारण तरंगायलाच जागा नाही. विहार-पवईपासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम 18 किलोमीटरची नदी, त्यात कमी उंचीचे पूल, कडेला झोपड्या आणि कांदळवन, ओहोटीला काही ठिकाणी घोटाभर पाणी. आणि मुख्य म्हणजे तळाला नुसता गाळ नाही, प्लास्टिक, कापडं, गाद्या, राडारोडा. पंपाच्या पात्यात एक साडी अडकली की पंप उघडून बसायचं. म्हणून तिथे काठावरून पोकलेन, काठावर जायला वाट नाही तिथे पाँटूनवरचं किंवा चिखलात आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारं अँफिबियस मशीन, आणि गाळ ढकलत एका जागी आणायला सिल्ट पुशर. म्हणजे ही मशीन मुळात चुकीची आहेत असं नाही, मिठीसारख्या नदीला तीच लागतात. घोटाळ्यात आरोप आहे तो त्यांचं भाडं फुगवल्याचा आणि गाळ टाकायच्या जागांचे करार खोटे दाखवल्याचा. कोर्टात काय सिद्ध होतं ते बघूच, पण मशीनला शिव्या देऊन उपयोग नाही.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्याच्या पुढे कुठलीही नदी कमीच पडली असती, पण रोजच्या पावसात गाळ काढलेली आणि न काढलेली मिठी यात फरक पडतो.

काढलेलं टाकतात कुठे, आणि कोळी बांधव का भांडतात?

चांगली वाळू असेल तर ती माल आहे, भरावाला जाते. वाढवणला सुमारे 1,448 हेक्टर भराव करायचाय आणि त्याची वाळू दमणसमोरच्या समुद्रातून आणायचं ठरलंय. तिथे समुद्र मुळातच खोल आहे, 18-20 मीटर, म्हणजे वाढवणची गोष्ट न्हावा-शेवाच्या बरोबर उलटी, चॅनेल खोदायचं दुखणं कमी आणि भरावाचं काम अवाढव्य.

मुंबईचा चिखल मात्र कोणालाच नको असतो. 1920 च्या दशकात बॅक बे रेक्लमेशनला तो प्रयोग झाला, गव्हर्नरच्याच नावाचा ‘सर जॉर्ज लॉइड’ हा ड्रेजर आणला, हार्बरचा चिखल पाइपने पलीकडे ओतून समुद्र भरायचा असा बेत. ठरवलेल्या हिशोबाच्या जवळपासही काम गेलं नाही, खर्च वाढत गेला आणि वीर नरिमन यांनी त्यावर रान उठवलं, ज्यांच्या नावाने आज नरिमन पॉइंट आहे. मशीन होतं, पैसा होता, तळाचा अंदाज चुकला.

म्हणून आता चिखल बहुतेक वेळा समुद्रात लांब नेऊन टाकतात, आणि इथे कोळ्यांचा मुद्दा सुरू होतो. टाकायची जागा कागदावर ओसाड असते पण तिथे डोल जाळी लावणारे असतात. गाळ पसरला की जाळ्यात चिखल येतो, तळाला अंडी घालणाऱ्या माशांची जागा जाते. कंत्राटदार म्हणतात मुंबईचं पाणी आधीच गढूळ आहे, आमच्याने काय फरक पडतो, आणि यात थोडं तथ्य आहेही. पण भरती-ओहोटीने वर आलेला गाळ पाण्याबरोबर फिरत राहतो, एका जागी हजारो घनमीटर ओतलेला गाळ तळाला थर करून बसतो, या दोन गोष्टी एक नाहीत. बरेचदा सिल्ट कर्टन लावू असं आश्वासन देतात, म्हणजे गाळ पसरू नये म्हणून पाण्यात उभा पडदा. संथ पाण्यात तो काम करतो, जोराच्या ओढीत फुगून वर येतो आणि गाळ खालून निघून जातो. हार्बरच्या मधोमध असा पडदा लावला म्हणाले तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मोजतात कसं? खरी गोम इथे

एक घनमीटर चिखल तळाला असताना एक घनमीटर असतो. पंपाने ओढला की त्यात पाणी मिसळून तो टाकीत कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणजे ‘इतक्या टाक्या भरल्या’ हा हिशोब केला तर पैसे पाण्याचे जातात. म्हणून बंदरांच्या कामात आधी आणि नंतर सर्व्हे करतात, सर्व्हे बोट आवाजाच्या लहरी खाली सोडून अख्ख्या तळाचा नकाशा काढते, दोन नकाशांतला फरक तेवढा माल.

त्यातही फट आहे. तळाजवळ दाट गढूळ पाण्याचा असा थर असतो की तो धड पाणी नाही आणि धड गाळ नाही. उच्च फ्रिक्वेन्सीची लहर त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून परत येते, कमी फ्रिक्वेन्सीची आरपार खालपर्यंत जाते, म्हणजे त्याच जागेची खोली दोन मशीनवर वेगळी दिसते. रॉटरडॅमने यावर नियम केला, ज्या पातळीला घनता दर घनमीटर 1,200 किलो होते तो तळ, त्याच्या वरच्या पातळ थरातून जहाज जाऊ शकतं. कुठली फ्रिक्वेन्सी, कुठली घनता हे करारात आधीच लिहिलेलं नसेल तर नंतर भांडण ठरलेलं.

नाल्यात आणि मिठीत हा सर्व्हे जमत नाही, तिथे वजनकाट्यावर टन मोजतात. आणि टनात ओला गाळ भरला की पाणी, राडारोडा भरला की दगड, सगळं वजनच. 2025 पासून पालिका गाळ काढतानाचे आणि गाड्यांचे व्हिडिओ एआयने तपासायला लागली आहे, त्याने गाडी रिकामी होती की भरलेली एवढं कळेल, भरलेलं नक्की कुठून आलं हे कळायला काठावर माणूसच उभा लागेल.

आपल्याकडे स्वतःचे ड्रेजर नाहीत का?

आहेत. ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया 1976 ची, मुख्यालय विशाखापट्टणमला. 2019 मध्ये केंद्राने तिच्यातला आपला हिस्सा चार बंदरांना विकला, त्यात न्हावा-शेवाकडे 18 टक्के आहेत, म्हणजे आपलं बंदर या कंपनीचं मालकही आहे आणि ड्रेजिंगचं गिऱ्हाईकही. तरी मोठ्या कॅपिटल कामांना बेल्जियम-नेदरलँड्सच्या कंपन्या येतात, कारण दगड फोडणारा राक्षसी कटर आपल्याकडे बांधून ठेवला तर वर्षभर त्याला पुरेल एवढं काम नाही आणि त्यांचा कटर आज इथे तर उद्या आफ्रिकेत. मेंटेनन्सचं तसं नाही, ते दरवर्षीचं आहे, म्हणून कोचीन शिपयार्डला 12,000 घनमीटरच्या हॉपरची ऑर्डर दिली, नाव ‘गोदावरी’. ती ऑर्डर हॉपरची आहे, कटरची नाही, आणि वर सांगितलेलं गणित बघता ते बरोबरच वाटतं.